हात शाबूत ठेवून पोचणं

हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे या आमच्या पेण तालुक्यातल्या पट्ट्यात गणपतीचं काम बारा महिने चालतं. दिवाळी उरकली की साचे बाहेर निघतात, होळीच्या सुमारास परदेशी जाणाऱ्या मूर्तींचे खोके भरायला घेतात आणि पावसाळा तोंडावर आला की कोकणात नि घाटावर टेम्पो सुटायला लागतात. या टेम्पोंत रंगवलेल्या मूर्ती असतात तशा कच्च्याही असतात. कच्ची म्हणजे न रंगवलेली. ती स्वस्त पडते, वाटेत खरचटली तर डागडुजी सोपी, म्हणून लांबचे पुष्कळ विक्रेते कच्ची मूर्ती नेतात आणि आपापल्या गावी रंगवून घेतात. अंगाचा रंग, पितांबर, मुकुट, दागिने तिकडची माणसं करतात. डोळ्यांसाठी मात्र अनेकांना आमच्याकडचाच हात हवा असतो. माझं काम ते, आखणीचं.

आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. शून्य नंबरचा ब्रश, काळा रंग, आणि पापणीची वरची रेघ नाकाकडून निघून कानाकडे निमुळती होत एका दमात जायला हवी. मध्ये थांबलं की गाठ पडते. हात थरथरला की रेघ जाडी सोडते. मग पुसा, पुन्हा अंगाचा रंग मारा, वाळू द्या, पुन्हा काढा. अशा शंभर-दोनशे मूर्ती रांगेत वाट बघत असतात आणि विक्रेता मागे उभा असतो. हे काम करायला मी जिथे पोचतो ते चिपळूण असेल, राजापूर असेल, कुडाळ असेल, नाहीतर घाट चढून कऱ्हाड-कोल्हापूर. पोचतो मोटारसायकलवर, आणि बहुतेक वेळा आषाढ-श्रावणाच्या पावसात.

मोटारसायकलच का, असं लोक विचारतात. हमरापूरला रेल्वे स्टेशन आहे, पण ते पनवेल–रोहा मार्गावरचं छोटं स्टेशन. लांबच्या गाडीसाठी आधी दुसरीकडे जावं लागतं आणि गणपतीच्या हंगामात आरक्षण कुठलं मिळायला. शिवाय माझी गिऱ्हाइकं स्टेशनाजवळ नाहीत. एका गावात दीड दिवस, तिथून वीस-पंचवीस किलोमीटर आत दुसऱ्या वाडीत अर्धा दिवस, मग पुढचं गाव. एसटीच्या वेळा आणि रंग वाळण्याच्या वेळा कधीच जुळत नाहीत. म्हणून शंभर सीसीची साधी गाडी, मागे कॅरियर, त्यावर ब्रशांचा डबा आणि कपड्यांची पिशवी. कुडाळ आमच्यापासून चारशेच्या आसपास किलोमीटर. मी ते दोन दिवसांत करतो.

या कामामुळे लांबच्या प्रवासातल्या आरामाकडे मी वेगळ्या नजरेने बघायला लागलो. हौसेने फिरणाऱ्याचा प्रवास म्हणजे त्याची सुट्टी. पोचला, अंघोळ केली, आडवा झाला. माझा दिवस पोचल्यावर सुरू होतो. दुकानाच्या दारात गाडी लावली की आतून हाक येतेच, "पेंटर, चहा घ्या आणि लगेच बसा, लाइट गेली तर पंचाईत." तेव्हा माझ्यापुरता आरामाचा अर्थ एवढाच: उतरल्यावर हात, डोळे आणि कंबर कामाला किती शिल्लक आहेत.

सगळ्यात आधी हात. चार-पाच तास हँडल धरलं की बोटांना मुंग्या येतात हे प्रत्येक मोटारसायकलवाल्याला माहीत आहे. त्याला त्यात विशेष वाटत नाही. मला वाटतं, कारण त्या मुंग्या ब्रशात उतरतात. पेणमधल्या डॉक्टरांनी मला एकदा नीट समजावून सांगितलं होतं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर तळव्याच्या बाहेरच्या कडेने जाणारी नस दबते आहे. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल तर मनगटाच्या मधोमध जाणारी. पहिलीचं कारण बहुधा हँडलवर टाकलेला अंगाचा भार, दुसरीचं कारण वाकवून ठेवलेलं मनगट. त्यात इंजिनाची थरथर मिसळली की दोन्ही वाढतं.

यातलं निम्मं दुखणं दहा नंबरच्या पान्याने जातं. क्लच आणि ब्रेकचे लिव्हर कारखान्यातून येतात तसेच आपण वर्षानुवर्षं वापरतो. गाडीवर बसून डोळे मिटायचे, हात सहज पुढे करायचे आणि बोटं सरळ लिव्हरवर पडतात का ते बघायचं. पडत नसतील तर लिव्हरचा बोल्ट सैल करून तो थोडा खाली किंवा वर फिरवायचा. कोपरापासून बोटांपर्यंत एक रेषा आली पाहिजे. क्लचच्या केबलला तेल सोडलं की डाव्या हाताचे श्रम लगेच कमी होतात. इंजिन ज्या बोल्टांनी चौकटीला धरलेलं असतं ते आवळले, सैल चेन ताणली, कोनसेट तपासला की हँडलची धडधड उतरते. आणि प्रत्येक गाडीचा एक वेग असतो जिथे ती सगळ्यात कमी थरथरते. माझ्या गाडीचा तो पंचावन्नच्या आसपास आहे. पासष्टला आरशात मागचा ट्रक दिसत नाही, नुसता डाग दिसतो. आरसा धूसर झाला की समजावं, तीच थरथर आपल्या तळव्यात चालली आहे.

पकड सैल ठेवणं हे मात्र पान्याने होत नाही, सवयीने होतं. भीती वाटली की माणूस हँडल आवळतो. आमच्या महामार्गावर भीती वाटायला कारणं पुष्कळ. पनवेल ते इंदापूर हा पट्टा चौपदरी करायचं काम 2011 साली सुरू झालं, आणि त्यानंतरचे कितीतरी पावसाळे आम्ही खड्डे, वळवलेले रस्ते आणि लाल चिखल यांतून काढले. वडखळच्या पुढे ट्रकच्या मागे अडकलो की माझे खांदे नकळत कानांकडे सरकलेले असायचे. आता गाव बदललं की मी एकदा स्वतःलाच विचारतो, खांदे कुठे आहेत? नागोठणे आलं, खांदे खाली. कोलाड आलं, खांदे खाली. माणगाव, लोणेरे, महाड. गावांच्या पाट्या मी त्यासाठीच वाचतो.

कंबर आणि बैठक हा दुसरा भाग, आणि तो मला आमच्याच धंद्याने शिकवला. मूर्ती टेम्पोत भरताना तिच्या अंगाला भाताचा पेंढा लावतात तो सगळीकडे सारखा लावत नाहीत. पोट, मांडी, पाट यांना काही होत नाही. तडकतं ते आधार नसलेलं: आशीर्वादाचा हात, कानाची कड, सोंडेचं टोक. तिथे पेंढा नीट बसवावा लागतो. फार ठासला तरी मोडतं, सैल ठेवला तरी मोडतं. माणसाचं अंग मोटारसायकलवर असंच आहे. जिथे आधार नाही तिथे आधी दुखतं: मानेच्या तळाशी, कमरेच्या पोकळीत, मनगटात. म्हणून नुसती मऊ गादी घालून काही साधत नाही.

मऊ गादीने तर बरेच जण फसतात. पेणला सीट कव्हरचं दुकान चालवणाऱ्या मामांनी मला एकदा बोट दाबून गादी बघताना थांबवलं. म्हणाले, "पेंटर, बोटाने गादी निवडू नका. अर्धा तास बसा, मग सांगा." बरोबर होतं त्यांचं. मऊ फोम पहिली दहा मिनिटं छान वाटतो. दोन तासांनी तो पार दबतो आणि बसण्याची दोन हाडं खालच्या पत्र्याला टेकतात. तिथलं रक्त अडतं, मग आधी जळजळ, मग ठणका. मामांनी माझ्या सीटचा जुना फोम काढून खाली कडक थर दिला, वर पातळ मऊ थर, आणि मागची बाजू थोडी रुंद केली. सगळ्यात मोठा फरक वेगळ्याच गोष्टीने पडला. मूळ सीटला पुढे उतार होता. प्रत्येक ब्रेकला मी टाकीवर घसरायचो, मग हाताने स्वतःला मागे ढकलायचो, म्हणजे कंबर आणि तळवा दोघांनाही ते काम. उतार काढून टाकला आणि हात मोकळे झाले. सीट बोटभर उंच झाली तर गुडघ्यांचा कोनही सुटला. खर्च एका बऱ्या हेल्मेटपेक्षा कमी.

कोरड्या दिवसांत मी सीटवर घोंगडीची घडी टाकतो. लोकरीतून हवा खेळते, खालून घाम धरत नाही. पावसात ती पाणी पिते, तेव्हा रेक्झिनच बरं. काही जण सायकलची ट्यूब अर्धी भरून सीटवर बांधतात. सरळ रस्त्यावर ते सुखाचं आहे, पण कशेडीच्या वळणांवर अंग डुलायला लागतं आणि मला ते नको असतं.

बसण्याइतकंच उठणंही महत्त्वाचं. खड्डा किंवा गतिरोधक दिसला की फूटरेस्टवर जरा उभं राहायचं, गुडघे सैल. धक्का पाय खातात, पाठ वाचते, आणि त्या दहा सेकंदांत दबलेल्या जागी रक्त फिरतं. सिमेंटच्या रस्त्यावर सांध्यासांध्याला ठक-ठक बसते, तिथे खड्डा नसला तरी मी अधूनमधून उठतो. मागच्या शॉकअपला खाचा असतात. एकटा असलो तर मऊ बाजूला, सामान किंवा माणूस असला तर कडक बाजूला. टायरमध्ये हवा गाडीवर लिहिली आहे तेवढीच, आणि ती सकाळी, टायर गार असताना बघायची. जास्त हवा म्हणजे मायलेज, असं समजून फुगवलेला टायर प्रत्येक खडा मणक्यात पोचवतो.

कपड्यांविषयी बोलायला लोक लाजतात, पण लांबच्या प्रवासाचा विचका तिथेच होतो. जाड शिवणीची जीन्स आणि ओली सुती अंतर्वस्त्रं यांनी मांड्या काचतात. एकदा काचल्या की पुढचे दोन दिवस माणूस वाकडा बसतो, आणि वाकडं बसलं की कंबर धरते. लवकर वाळणारं, शिवण नसलेलं कापड आतून, वरून सैल पँट. दुकानातही मला मांडी घालून जमिनीवर बसायचं असतं, त्यामुळे ही काळजी मी ब्रशाइतकीच घेतो.

पावसाचा प्रवास हा तर वेगळाच विषय आहे. रेनकोट दोन भागांचाच हवा, आणि तो विकत घेताना पँटच्या मधल्या जोडाकडे बघायचं. बसल्यावर पाणी मांडीत साचतं आणि तिथूनच आत झिरपतं. पँट गमबुटाच्या आत खोचली की बुटात तळं होतं. पँट बाहेरून सोडायची. पाय दिवसभर ओले राहिले की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, म्हणून मोज्यांचा कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत, सगळ्यात वर ठेवायचा, म्हणजे शोधाशोध होत नाही. हातांसाठी मी हँडलला बसणारे जाड कव्हर लावतो, ज्यात हात आतून घालता येतो. दिसायला ते ओबडधोबड आहे. पण हात तासभर पाण्यात राहिला की बोटांची टोकं सुरकुततात आणि सुरकुतलेल्या बोटात बारीक ब्रश फिरत नाही. हेल्मेटची काच आतून धुरकट होते त्यावर साधा उपाय: थोडा शाम्पू बोटाने लावून कोरड्या फडक्याने पुसून टाकायचा, आणि काच केसभर उघडी ठेवायची.

हेल्मेटबद्दल एवढंच सांगतो की तेही सीटसारखं अर्धा तास डोक्यावर ठेवून घ्यावं. 1 जून 2021 पासून आयएसआय शिक्क्याशिवाय दुचाकीचं हेल्मेट बनवणं-विकणं कायद्याने बंद आहे, तेव्हा शिक्का तर हवाच. पण शिक्का डोक्याचा आकार सांगत नाही. कपाळावर एका ठिकाणी टोचणारं हेल्मेट शंभर किलोमीटरवर डोकं उठवतं, आणि मग माणूस ते काढून आरशाला अडकवतो. तोंड पूर्ण झाकणारं हेल्मेट माझ्या डोळ्यांसाठीही लागतं. वाऱ्याने कोरडे, लाल झालेले डोळे घेऊन मूर्तीचा डोळा काढता येत नाही. चरे पडलेली काच मी दर पावसाळ्याआधी बदलतो. कानात औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे घालतो. हॉर्न ऐकू येतो, वाऱ्याची घरघर कमी होते. संध्याकाळी जो थकवा आपण पाठीचा समजतो त्यात त्या घरघरीचा वाटा मोठा असतो, हे बोळे घातल्याशिवाय कळत नाही.

उन्हाचा प्रवास मला फाल्गुन-चैत्रात घडतो, जेव्हा कारखान्याच्या शेठना मागे बसवून ऑर्डरी घ्यायला आणि जुनी बाकी उगवायला घाटावर जावं लागतं. दुचाकीला द्रुतगती मार्गावर बंदी, म्हणून पेणहून खोपोली, जुना बोरघाट, पुणे आणि पुढे सोलापूरच्या बाजूला. कोकणी माणसाला वाटतं, वारा लागला की गार वाटणार. आपल्या त्वचेचं तापमान साधारण 33 ते 35 अंश असतं. हवा त्याहून तापली की वारा अंगातली उष्णता काढत नाही, उलट आणून ओततो. तेव्हा अंग थंड ठेवतो तो फक्त वाळणारा घाम. म्हणून देशावरच्या उन्हात हात उघडे टाकायचे नाहीत; पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट घालायचा, तो पाण्याने भिजवायचा आणि वरून पातळ जाकीट. कोरड्या हवेत तो हळूहळू वाळतो आणि तेवढा वेळ बरं चालतं. कोकणात ही युक्ती चालत नाही, कारण दमट हवेत घाम वाळतच नाही. इथे सावली गाठून थांबणं हाच उपाय.

मागे बसणाऱ्याचा आराम हा गाडी चालवणाऱ्याचाही आराम असतो, हे मला शेठनी शिकवलं. ते अंगाने भरलेले आणि मागे बसून अस्वस्थ. ते जागा बदलले की गाडी हलते, गाडी हलली की मी हँडल आवळतो. आम्ही ठरवून टाकलं: उठायचं असेल तर आधी माझ्या खांद्यावर दोनदा थाप. मागे पाठ टेकायला कॅरियरवर कपड्यांची पिशवी उभी बांधली, मागच्या पायऱ्यांना जाड रबर घातलं. शेठ म्हणाले, "आता कसं, मोटारीत बसल्यासारखं." हे काही खरं नव्हतं, पण बाकी उगवून परत येईपर्यंत त्यांनी एकदाही कुरकुर केली नाही. बायको मागे असते तेव्हा प्रश्न निराळा. ती वाटेत पाणीच पीत नाही, कारण बाईमाणसाला जाण्याजोगी स्वच्छ जागा कधी येईल याचा भरवसा नसतो. मग दुपारी डोकं दुखतं. आता निघण्याआधी थांबे आम्ही त्या हिशोबाने ठरवतो. चहा कुठला चांगला हा विचार नंतर.

पाणी मी घोटाघोटाने पितो. पावसाळ्यात तहान लागत नाही, पण रेनकोटाच्या आत घाम गळतच असतो. उन्हाळ्यात पाण्यात मीठ-साखर, नाहीतर कोकमाचं सरबत मीठ घालून. खाणं थोडं थोडं: सकाळी पोहे, मग केळं, शेंगदाण्याची चिक्की, घरची तांदळाची भाकरी आणि सुकी भाजी. वाटेतली भरपेट थाळी मी टाळतो. दुपारी दोन ते चार ही वेळ अशीही जड असते, त्यात भरलेलं पोट म्हणजे झापड. झापड आली की चहाने फसवायचं नाही. एसटी स्टँडच्या बाकावर पाठ टेकून, गुडघ्याखाली पिशवी घेऊन पंधरा मिनिटं पडायचं. कंबरही सुटते.

थांबण्याचा नियम मी दुखण्यावर ठेवलेला नाही, घड्याळावर ठेवला आहे. तासाने किंवा सव्वा तासाने थांबायचंच, पाच मिनिटं, बरं वाटत असलं तरी. दुखायला लागल्यावर थांबलं तर ते दुखणं दिवसभर सोबत येतं. आधी थांबलं तर येत नाही. याला वेळ लागतो असं म्हणणाऱ्यांना मी हिशोब मांडून दाखवतो. शंभर किलोमीटर साठच्या वेगाने गेलं तर एक तास चाळीस मिनिटं, ऐंशीच्या वेगाने सव्वा तास. वाचतात पंचवीस मिनिटं, तीही रस्ता मोकळा मिळाला तर. वेग एक तृतीयांशाने वाढतो पण वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे पावणेदोन पटीच्या वर. तो रेटा छातीवर घेऊन हातांनी स्वतःला धरून ठेवायचं, आणि पोचल्यावर बोटांचा थरकाप जाईपर्यंत पाऊण तास बसून राहायचं. वाचवलेली मिनिटं तिथे व्याजासह जातात.

अमेरिकेत आयर्न बट असोसिएशन नावाची संस्था आहे. चोवीस तासांत एक हजार मैल, म्हणजे सोळाशे किलोमीटर, मोटारसायकल चालवणाऱ्यांना ती प्रमाणपत्र देते. असली दौड आपल्याला करायची नाही. पण त्या लोकांच्या सल्ल्यांत जोरात पळवा असं कुठे नाही. वेगाचा नाद सोडा, दमलेले असताना निघू नका, पाणी पीत राहा, झोप आली तर झोपा, असंच सगळं आहे. हजार मैल जाणारा जे सांगतो तेच आमच्या चारशे किलोमीटरला पुरतं.

रात्री पावसात मी गाडी चालवत नाही. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळचा सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला, त्याच्याबरोबर दोन एसटी बस आणि आणखी वाहनं गेली. तो आमचा ऐन हंगाम होता, त्याच रस्त्यावरचा. पुढच्या वर्षी तिथे नवा पूल उभा राहिला आणि मी त्यावरून जातो-येतो. पण तेव्हापासून संध्याकाळी सहानंतर पाऊस असेल तर असू त्या गावात मुक्काम, हे घरच्यांनी आणि मी मिळून ठरवलं. याने एक गोष्ट झाली. अंधाराच्या आत पोचायचंय ही टोचणी दिवसभर डोक्यात नसते. मन मोकळं असलं की खांदे आपोआप खाली राहतात.

या नियमांची परीक्षा 2025 साली झाली. प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींचं काय होणार हे ठरत नव्हतं, त्यामुळे वर्षाच्या सुरुवातीपासून ऑर्डरी अडकल्या होत्या. 9 जूनला मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती बनवायला मुभा दिली, नैसर्गिक पाणवठ्यांत विसर्जन करायचं नाही या अटीवर. चतुर्थी 27 ऑगस्टला. सगळ्यांना सगळं एकदम हवं होतं, सकाळी एक गाव आणि रात्री दुसरं. विक्रेते फोनवर म्हणायचे, "पेंटर, जरा दामटा गाडी." मी थांबे सोडले नाहीत. दोन गिऱ्हाइकं त्या हंगामात दुसऱ्याकडे गेली. जी राहिली त्यांच्या मूर्तींवर मला रेघ पुसावी लागली नाही, आणि पुढच्या हंगामासाठी त्यांनीच आधी बोलावणं धाडलं.

पोचल्यावरचंही एक वळण लावून घेतलं आहे. हेल्मेट काढलं की डोळे गार पाण्याने धुवायचे, हात कोमट पाण्यात पाच मिनिटं. मनगटं गोल फिरवायची, बोटं उलटी ताणायची, भिंतीला पाठ लावून सरळ उभं राहायचं. मग जुन्या वर्तमानपत्रावर पापणीच्या रेघा काढायच्या. त्या एकसारख्या आल्या की मूर्ती पुढे घ्यायची. नाही आल्या तर अजून थोडं थांबायचं. अर्धा तास जातो. विक्रेता घड्याळाकडे बघतो, बघू दे.

हल्ली शनिवार-रविवारी महामार्गावर मोठ्या गाड्या घेऊन मुंबईची पोरं जाताना दिसतात. चहाला थांबली की बोलणं होतं. जाकीट, बूट, महागडी सीट, सगळं असतं. लिव्हर मात्र कारखान्यातून आले तसेच आणि टायरमध्ये हवा कुणी सांगितली म्हणून पाच-सात जास्त. कुणी विचारतं, "काका, लेहला जायचंय, काय घेऊ?" मी सांगतो, आधी काही घेऊ नका. घरासमोर गाडी उभी करा, पाना घ्या आणि अर्धा तास गाडी आपल्या अंगाला बसवा: लिव्हर, आरसे, शॉकअप, हवा, चेन. मग अलिबागला जाऊन या, तासातासाला थांबत. कुठे दुखलं ते लिहून ठेवा आणि तेवढंच दुरुस्त करा. त्यानंतरही काही कमी वाटलं तर पैसे खर्च करा. लांब जाणं अवघड नाही. उतरल्यावर आपलं काम करण्याजोगं उरणं अवघड आहे, आणि तयारी त्याचीच करायची असते.